भाकरीचं घर

माझ्या आईला हॅन्सेल आणि ग्रेटेलची गोष्ट ऐकवत नाही. हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं. मुलाला झोपवताना मी ती गोष्ट वाचत होते. लाकूडतोड्याची बायको नवऱ्याला सांगते, पोरांना रानात सोडून येऊ, त्या ओळीवर आई पलंगावरून उठली. "दुसरी कुठली बी सांग त्याला. पोरं सोडल्याली गोष्ट नको," म्हणाली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.

आई १९७२ साली नऊ वर्षांची होती. गाव माण तालुक्यातलं. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरात चार पोरं, खायला अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी. एका सकाळी आजीनं आईची वेणी घातली, धुतलेलं परकर-पोलकं घातलं आणि म्हणाली, मामाच्या गावाला जत्रा आहे. कराडच्या बाजूला मामाचं गाव होतं, कृष्णेचं पाणी होतं. जत्रा नव्हती. तिसऱ्या दिवशी पहाटे आई झोपेत असताना आजी निघून गेली. आई तिथं दोन वर्षं राहिली.

पोरं रानात भटकतात, खायच्या वस्तूंनी बांधलेल्या घरात एक चेटकीण त्यांना पकडते, शेवटी तिलाच भट्टीत ढकलून ती घरी परततात, अशी ही गोष्ट. त्या रात्रीपासून ती मला सोडेना. ती कुठून आली, कोणी कोणाला सांगितली, त्यात ती आई का आहे, हे मला जाऊन बघायचं होतं. गेल्या ऑक्टोबरमध्ये सात दिवस हाताशी होते.

पहिला दिवस : हानाऊ

फ्रँकफुर्टला मैत्रिणीकडे पिशव्या टाकल्या आणि लोकल गाडीनं हानाऊ गाठलं. वीसेक मिनिटांचा रस्ता. ही गोष्ट ज्यांच्या पुस्तकात आहे त्या ग्रिम भावांपैकी याकोब इथे ४ जानेवारी १७८५ ला जन्मला, विल्हेल्म २४ फेब्रुवारी १७८६ ला. जन्मघर उरलेलं नाही. मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जुनं हानाऊ जवळजवळ सगळंच गेलं.

चौकात दोघा भावांचा १८९६ सालचा ब्राँझचा पुतळा आहे. विल्हेल्म बसलेला, मांडीवर उघडं पुस्तक. याकोब शेजारी उभा, खाली वाकून त्याच पुस्तकात बघतोय. हानाऊपासून ब्रेमेनपर्यंत सुमारे ६०० किलोमीटरचा परीकथांचा रस्ता पर्यटकांसाठी आखला आहे, तो इथूनच सुरू होतो. मला ब्रेमेनला जायचं नव्हतं. माझी गोष्ट हेसेन प्रांतात, कासेलच्या आसपासच कागदावर उतरली होती.

शनिवार होता, पुतळ्याभोवती बाजार भरला होता. भोपळे, कोबी, मशरूम, आणि पावाच्या गाडीवर आपल्या पाट्यावरच्या वरवंट्याएवढे लांबोडके, काळपट, जड पाव. एक अर्धा कापून घेतला. राय नावाच्या धान्याचा, आंबट, चावायला चिवट. इथल्या गरिबाचं पोट शतकानुशतकं याच्यावर भरलं. जर्मन पुस्तकात जिथे 'ब्रोट' लिहिलं आहे तिथे मराठीत 'ब्रेड' म्हणणं बरोबर नाही, 'भाकर'च म्हटलं पाहिजे, हे मला त्या पहिल्या घासाला पटलं.

दुसरा दिवस : श्टाइनाऊ

किन्झिग नदीच्या खोऱ्यातून गाडी वर जाते. गावाचं पूर्ण नाव 'रस्त्यावरचं श्टाइनाऊ'. तो रस्ता म्हणजे फ्रँकफुर्ट ते लाइपझिग हा जुना व्यापारी मार्ग. स्टेशन गावापासून जरा लांब आहे. पंधरा-वीस मिनिटं चालत गेले आणि तिरप्या लाकडी तुळयांच्या घरांची ओळ सुरू झाली.

ग्रिम कुटुंब १७९१ साली इथे आलं. वडील फिलिप विल्हेल्म हे अंमलदार, आपल्या मामलेदारासारखे. त्यांना राहायला मिळालेली १५६२ सालची दगडी-लाकडी कचेरी अजून उभी आहे आणि आता तिचं संग्रहालय झालं आहे. आत चूल बघितली. छातीच्या उंचीची धुराडी, काळे पडलेले दगड, लोखंडी साखळीला टांगलेलं भांडं. अंगणात झाडाखाली बाक आहे, तिथे बसून मी बराच वेळ त्या घराकडे बघत राहिले.

कारण खरी घटना या घरातली आहे, आणि परीकथांच्या रस्त्यावर तिचा गाजावाजा फारसा होत नाही. १० जानेवारी १७९६ ला वडील न्यूमोनियानं गेले. याकोब सहाच दिवसांपूर्वी अकरा वर्षांचा झाला होता. सहा मुलं, विधवा आई डोरोथेआ, आणि सरकारी घर सोडायचा हुकूम. नोकरांसह नांदतं असलेलं घर काही महिन्यांत उसनवारीवर आलं. तिची बहीण हेन्रिएटे कासेलच्या दरबारात राणीच्या सेवेत होती, ती पैसे पाठवायची. शेवटी १७९८ मध्ये आईनं थोरल्या दोघांना या मावशीकडे कासेलला पाठवून दिलं. याकोब तेरा वर्षांचा, विल्हेल्म बारा.

इतिहासात याला 'शिक्षणासाठी पाठवलं' असं म्हणतात, आणि ते खरंच आहे. माझ्या आईलाही मामानं शाळेत घातलं होतं. पण श्टाइनाऊच्या त्या दारातून घोडागाडी निघाली असेल तेव्हा आतल्या बाईनं मनात कसला हिशोब मांडला असेल, तो मला माहीत आहे. दोन तोंडं कमी.

संध्याकाळी परतीच्या गाडीत बाहेर काळोख पडला होता. किन्झिगच्या दोन्ही बाजूंना डोंगर आणि डोंगरावर सलग रान. इथून कासेल त्या काळी काही दिवसांचा प्रवास होता.

तिसरा दिवस : मारबुर्ग

मारबुर्ग चढणीचं गाव आहे. याकोबनं लिहून ठेवलंय की इथे घरांतल्यापेक्षा रस्त्यावर पायऱ्या जास्त. दोघे भाऊ इथे कायदा शिकले आणि साविन्यी या प्राध्यापकाच्या घरी जुनी पुस्तकं चाळता चाळता भाषेच्या आणि जुन्या गोष्टींच्या नादाला लागले. साविन्यीचा मेहुणा कवी ब्रेन्टानो. लोकगीतांनंतर त्याला लोककथांचं पुस्तक करायचं होतं, म्हणून त्यानं या भावांना गोष्टी जमवायला सांगितलं.

मारबुर्गच्या रुग्णालयात एक म्हातारी होती, तिला पुष्कळ गोष्टी येतात असं ब्रेन्टानोनं कळवलं. विल्हेल्म १८१० साली तिच्याकडे गेला तर ती तोंड उघडेना. मोठ्या माणसाला, त्यातून शिकलेल्या पुरुषाला, असल्या गोष्टी काय सांगायच्या! अखेर रुग्णालयाच्या व्यवस्थापकाच्या मुलांना तिनं गोष्टी सांगितल्या आणि त्या वाटेनं त्या विल्हेल्मपर्यंत आल्या. आमच्या गावच्या म्हाताऱ्यासुद्धा अशाच. टेपरेकॉर्डर समोर ठेवला की ओव्या आटतात, आणि जात्यावर बसलं की सुटतात.

पाऊस लागला म्हणून दुपारीच कासेलची गाडी धरली.

चौथा दिवस : कासेल, पुस्तकापाशी

या दिवसासाठी मी आले होते.

कासेलच्या वाइनबर्ग टेकडीवर २०१५ साली ग्रिमवेल्ट नावाचं संग्रहालय उघडलं. फिक्या दगडाची इमारत, तिच्या पायऱ्या चढत थेट छतावर जाता येतं. आत काचेआड मंद उजेडात ग्रिम बंधूंच्या स्वतःच्या वापरातल्या प्रती आहेत, म्हणजे १८१२ आणि १८१५ साली निघालेल्या 'मुलांच्या आणि घरच्या गोष्टी'च्या दोन खंडांच्या. युनेस्कोनं २००५ साली त्या जगाच्या स्मृतिठेव्यात नोंदवल्या. समासात बारीक अक्षरात टिपणं, कोणी कधी काय सांगितलं त्याच्या तारखा, खोडाखोड. पुस्तक छापून झालं तरी गोष्टी थांबल्या नाहीत, हे त्या समासात दिसतं.

हॅन्सेल आणि ग्रेटेल ही पंधराव्या क्रमांकाची गोष्ट. तिचा सगळ्यात जुना ग्रिमी खर्डा १८१० चा, नाव 'छोटा भाऊ आणि छोटी बहीण'. तो त्यांनी ब्रेन्टानोला पाठवला. त्यानं पुस्तकही केलं नाही आणि कागदही परत दिले नाहीत. ते पुढे आल्सेसमधल्या एलेनबर्गच्या मठात सापडले आणि १९२७ मध्ये छापले गेले. त्या खर्ड्यात आणि १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत पोरांना रानात सोडायचा हट्ट धरणारी बाई त्यांची आई आहे. सख्खी आई. सावत्र हा शब्द कुठे नाही.

सावत्र आई येते १८४० च्या, चौथ्या आवृत्तीत. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं जर्मन घरांत ही गोष्ट सख्ख्या आईचीच होती. हिमगौरीच्या गोष्टीतही हेच झालं: १८१२ मध्ये तिला मारायला निघालेली राणी तिची जन्मदाती होती, १८१९ मध्ये ती सावत्र झाली. हे बदल बहुतेक विल्हेल्मचे. सुरुवातीला पुस्तक विद्वानांसाठी होतं, मग ते नाताळात मुलांच्या हाती जाऊ लागलं, आणि मुलांच्या पुस्तकात आई पवित्रच हवी होती. अभ्यासक हे कारण देतात आणि ते पटतं. त्या काळी बाळंतपणात इतक्या बाया जात की सावत्र आई घरोघर होती, तिच्यावर खापर फोडणं सोपं होतं, हेही खरं.

पण मी श्टाइनाऊहून आले होते. ज्या मुलाला बाराव्या वर्षी आईनं गरिबीपायी दुसऱ्याच्या दारी पाठवलं, त्याच माणसानं म्हातारपणाकडे झुकताना या एका आईला सावत्र केलं. पुराव्यानं काही सांगता येणार नाही, पण मला त्या समासाकडे बघताना वाटलं की हे त्यानं वाचकांसाठी जितकं केलं तितकंच स्वतःच्या आईसाठी केलं असेल. डोरोथेआ ग्रिम १८०८ मध्येच गेली होती. तिच्याकडे कोणी बोट दाखवू नये.

सुरुवातीचं वाक्यही बदललं आहे. १८१२ ची आवृत्ती साधं सांगते की मोठ्या रानापाशी एक गरीब लाकूडतोड्या राहायचा, चावायला-मोडायला घरात काही नव्हतं, आणि एकदा रोजची भाकरही मिळवता येईना. पुढच्या आवृत्त्यांत मध्ये एक शब्द आला: 'टॉयरुंग'. इंग्रजीवरून आलेल्या आपल्या पुस्तकांत तिथे 'दुष्काळ' असतो. जर्मनमध्ये 'टॉयर' म्हणजे महाग. टॉयरुंग म्हणजे महागाई. देशात महागाई आली आणि लाकूडतोड्याला भाकर परवडेना. हा फरक मला फार मोठा वाटला. दुष्काळ म्हटलं की डोळ्यांपुढे भेगाळलेली जमीन येते, सगळ्यांवर सारखीच पडलेली आपत्ती. महागाईत धान्य कुठेतरी असतं, फक्त याच्या घरात नसतं. आपले जुने लोक दुष्काळाची गोष्ट सांगताना पाऊस किती पडला हे नंतर सांगतात, आधी सांगतात ज्वारी रुपयाला किती शेर झाली.

ही गोष्ट १३१५ ते १३१७ च्या मोठ्या दुष्काळातून आली असं पुष्कळ ठिकाणी ठामपणे लिहिलेलं असतं. तेव्हा उत्तर युरोपात पाऊस थांबलाच नाही, पिकं कुजली, मुलं टाकून दिल्याच्या कहाण्या त्या काळच्या बखरींत आहेत. पण त्या दुष्काळापासून या गोष्टीपर्यंत सलग धागा दाखवता येत नाही, आणि तितकं मागं जायची गरजही नाही. १७७० ते १७७२ या वर्षांत जर्मनीत मोठी उपासमार झाली होती. ग्रिमना गोष्टी सांगणाऱ्यांच्या आया-आज्या त्यातून गेलेल्या. १८१६-१७ मध्ये तांबोरा ज्वालामुखीच्या राखेनं उन्हाळाच आला नाही आणि पुन्हा उपास. खुद्द ग्रिमांच्या घरात १८१२ च्या सुमाराला पाच माणसांत तीन जणांचं जेवण वाटून, तेही दिवसातून एकदाच घेत असल्याचं विल्हेल्मनं पत्रात लिहिलंय. गोष्टीची भूक त्यांना ऐकीव नव्हती.

आणि आता ते घर. आपल्या पुस्तकांत ते चॉकलेटचं असतं, केकचं असतं. जर्मनीत नाताळाला मसाल्याच्या गोड पोळीचं, लेबकुखेनचं करतात. पहिल्या आवृत्तीत काय लिहिलंय? भिंती भाकरीच्या. छप्पर केकचं, खिडक्या पारदर्शक साखरेच्या, पण घर उभं आहे ते भाकरीवर. लेबकुखेन नंतर आला. शेवटच्या, १८५७ च्या आवृत्तीतही ग्रिमांनी भिंती बदलल्या नाहीत.

मी काचेपाशी उभी राहून ती ओळ तीनदा वाचली. तीन दिवस उपाशी असलेलं पोर स्वप्नात चॉकलेट बघत नाही. ते आधी भाकर बघतं, घरभर भाकर, इतकी की भिंतीला हात घातला की तुकडा हातात येतो. गोड नंतर, वर छपराला.

पाचवा दिवस : कासेल, माणसांपाशी

गोष्टी सांगणारी माणसं म्हटलं की शेतातली म्हातारी डोळ्यांपुढे येते. हॅन्सेल-ग्रेटेलची नोंद 'हेसेनमधल्या निरनिराळ्या कथनांवरून' अशी मोघम आहे, पण तिचा धागा जातो शेजारच्या औषधाच्या दुकानात. ग्रिम कुटुंब कासेलच्या जुन्या पेठेत राहायचं, जवळच विल्ड यांचं 'सूर्य औषधालय'. त्यांच्या घरात पुष्कळ मुली, त्यातली डोर्टशेन गोष्टीवेल्हाळ. गोष्टीतली चेटकीण म्हातारी घरातून विचारते, "कोण कुरतडतंय माझं घर?" त्यावर मुलं उत्तर देतात, "वारा, वारा, आभाळाचा पोर." हे उत्तर डोर्टशेननं १५ जानेवारी १८१३ ला सांगितल्याची नोंद आहे. पुस्तक तर महिन्याभरापूर्वीच छापून आलेलं! म्हणून पहिल्या आवृत्तीत म्हातारीचा प्रश्न आहे, मुलांचं उत्तर नाही. ते १८१९ मध्ये आलं. डोर्टशेन १८२५ मध्ये विल्हेल्मची बायको झाली.

ते औषधालय बघायला गेले तर बघायला काही नाही. २२ ऑक्टोबर १९४३ च्या रात्री कासेलची जुनी पेठ जळून गेली, एका रात्रीत सुमारे दहा हजार माणसं मेली. आता तिथे पन्नासच्या दशकातल्या सरळ भिंतींच्या इमारती आणि रुंद रस्ते. एका बाईनं खिडकीत जिरॅनियमच्या कुंड्या ठेवल्या होत्या. मी तिथे उभी राहून 'वारा, वारा' मनात म्हटलं आणि पुढे निघाले. भाऊ १८१४ ते १८२२ ज्या वेशीच्या चौकीत राहिले ती इमारत मात्र आहे, तिच्यापुढचा चौक त्यांच्याच नावाचा.

दुपारी ट्रामनं नीडरत्स्वेरेनला. आता ते शहरात आलंय, पण गल्ल्या गावाच्या आहेत. इथे डोरोथेआ फीमान राहायची, शिंप्याची बायको. मळ्यातली भाजी घेऊन कासेलला विकायला जायची. १८१३ मध्ये तिची ग्रिमांशी गाठ पडली आणि तिनं त्यांना चाळीसेक गोष्टी दिल्या. पुन्हा सांग म्हटलं तर शब्द न बदलता सांगायची, हे ग्रिमांनी कौतुकानं नोंदवलंय. त्यांनी तिला अस्सल हेसेनी शेतकरीण म्हणून जगापुढे ठेवलं, त्यांच्या आणखी एका धाकट्या भावानं काढलेलं तिचं चित्र दुसऱ्या आवृत्तीत छापलं. प्रत्यक्षात ती हमरस्त्यावरच्या खानावळीत वाढलेली, फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्यूगनॉट, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाच्या, घराण्यातली. गाडीवान, शिपाई, वाटसरू यांच्या तोंडून ऐकत मोठी झाली. रस्त्यानं फिरणाऱ्या गोष्टी कुठल्या एका मातीच्या नसतात. पोरांना रानात सोडणं आणि वाटेवर खुणा टाकणं हे फ्रान्समध्ये पेरोच्या १६९७ च्या अंगठ्याएवढ्या मुलाच्या गोष्टीत आहे, त्याआधी नेपल्सच्या बासीलेकडे आहे, आणि त्याही आधी सोळाव्या शतकात स्ट्रासबुर्गच्या मोन्टानुसकडे. फीमान १७ नोव्हेंबर १८१५ ला गरिबीतच गेली.

सहावा दिवस : राइनहार्ड्सवाल्ड

हे कासेलच्या उत्तरेचं मोठं रान. हॉफगाइसमारपर्यंत गाडी, पुढे टॅक्सी, कारण बस क्वचित. साबाबुर्गच्या गढीला पर्यटक झोपलेल्या राजकन्येचा वाडा म्हणून ओळखतात. मी गढीकडे गेले नाही, तिच्याखालच्या जुन्या रानात गेले. ९२ हेक्टरचा हा तुकडा १९०७ पासून राखीव आहे. त्याला 'आदिम अरण्य' म्हणतात, पण ओक वृक्षांकडे नीट बघितलं तर कळतं की ते माणसानं वाढवलेले आहेत: एकेकटे, आडवे पसरलेले, मध्ये मोकळी जागा. हे चराईचं रान होतं. गावची डुकरं इथे ओकची फळं खायला सोडत, गाईगुरं चारत. म्हणजे लाकूडतोड्याचं रान निर्जन नव्हतं. गुराखी होते, कोळसा पाडणारे होते, आपल्याकडच्या लोणाऱ्यांसारखे, आणि सरकारी रखवालदार होते.

तरी वाट सोडून शंभर पावलं आत गेले आणि भीती वाटली. नेचा कमरेपर्यंत, जमिनीवर पानांचा जाड थर, पावलाचा आवाज नाही. एक ओक पोकळ होता, आत दोन मुलं सहज मावतील. कुठेतरी वर वाळकी फांदी खोडावर आपटत होती. टक्, मग थांबून पुन्हा टक्. गोष्टीत बाप हेच करतो. वाळक्या झाडाला फांदी बांधून ठेवतो, वाऱ्यानं ती आपटते, मुलांना वाटतं बाबा जवळच कुऱ्हाड चालवतायत, म्हणून ती निवांत झोपी जातात. खडे, भाकरीचा चुरा, म्हातारी, भट्टी हे सगळं लहानपणापासून माहीत होतं. ही फांदी मी विसरले होते. या गोष्टीतली सगळ्यात निर्दय वस्तू तीच आहे, आणि ती बापानं बांधलेली आहे. त्याला मात्र कुठल्याच आवृत्तीनं सावत्र केलं नाही. शेवटी मुलं त्याच्याच गळ्यात पडतात.

मामाच्या गावची जत्रा म्हणजे तीच फांदी.

मी वाटेवर परत आले आणि टॅक्सी येईपर्यंत एका ओंडक्यावर बसून राहिले.

सातवा दिवस : भट्टी

परतायच्या आधी कासेलजवळच्या एका खेड्यात गेले. तिथे गावची सामायिक भट्टी अजून चालू आहे, काही ठरावीक दिवशी पेटवतात. पूर्वी हेसेनमध्ये गावागावात अशी भट्टी असे. घराला आग लागू नये आणि सरपण वाचावं म्हणून गावाची एकच, आणि पाळीपाळीनं भाजणं. पाव दोन-दोन, तीन-तीन आठवडे पुरवायचा.

सत्तरीच्या एक आजी काम बघत होत्या. आधी भट्टीच्या पोटातच लाकडं पेटवली. दोन-तीन तासांनी दगड तापून काळ्याचे पांढुरके झाले तेव्हा निखारे ओढून काढले, ओल्या फडक्यानं तळ पुसला, आत मूठभर पीठ फेकून ते कसं तांबूस होतं ते बघितलं. मग पिठाचे गोळे लांब दांड्याच्या लाकडी फळीवर ठेवून आत सरकवले. भट्टीचं तोंड छातीएवढ्या उंचीवर, आत सलग खोल पोकळी. वाकून बघायचंच झालं तर डोकं आत घालावं लागतं.

१८१२ च्या गोष्टीत म्हातारी ग्रेटेलला याच फळीवर बसायला सांगते: बस, मी तुला आत सरकवते, पाव भाजला का बघ. ग्रेटेल म्हणते, मला येत नाही, तूच आधी बसून दाखव. म्हातारी बसते, आणि ग्रेटेल फळी आत लोटते. वाचताना ही युक्ती नुसती परीकथेतली वाटते. इथे बघितल्यावर कळलं की गोष्ट सांगणारीनं शेकडो वेळा पाव आत ढकललेला आहे. ग्रेटेलही फक्त रोजचंच काम करते.

आणखी एक गोष्ट त्या आजींनीच बोलता बोलता दाखवली. माझ्याजवळची शेवटच्या आवृत्तीची प्रत त्यांनी चाळली आणि दोन ठिकाणी बोट ठेवलं. रानात न्यायच्या सकाळी आई मुलांना उठवते: "उठा, आळशांनो." आणि चेटकीण सकाळी ग्रेटेलला उठवते: "ऊठ, आळशे." शब्द तेच. मुलं घरी येतात तेव्हा चेटकीण मेलेली असते आणि बायकोही मेलेली असते. "आमच्या आजीला विचारलं होतं मी, दोघी एकच का गं? तिनं उत्तर दिलं नाही," त्या म्हणाल्या.

पाव निघाले. त्यांनी एक उलटा धरून बुडाला बोटानं ठोकलं, पोकळ आवाज आला, म्हणजे भाजला. मला एक पूर्ण पाव कागदात गुंडाळून दिला, हातात धरवत नव्हता इतका गरम.

रात्री फ्रँकफुर्टहून आईला फोन केला. तिला सगळं सांगितलं. जुन्या पुस्तकात ती बाई सख्खी आई होती हेही सांगितलं. नंतर बदललं, म्हटलं.

आई थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजे आधी बरोबर लिवलं व्हतं."

"हो."

"आन पोरं परत येत्यात तवा ती मेल्याली असती?"

"हो, मेलेली असते."

"माझी न्हाई मेली. मी दोन वर्सांनी आले तवा चुलीफुडं बसली व्हती. तव्यावरची पयली भाकर माझ्या ताटात टाकली. माझ्याकडं बगितलं न्हाई, नुसती भाकरी करत राह्यली. एकामागं एक. खानारं कोन न्हाई, तरी करतीया."

मला काय बोलावं कळेना. मी पावाबद्दल सांगितलं, कसा जड आहे, आंबट आहे, रायचा आहे.

"आन हिकडं येताना," आई म्हणाली. "शिळा झाला तरी चालंल."